पिझ्झ्याच्या काउंटरवर भाव, माप आणि चीज स्पष्ट लिहिलेले असावे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नागपुरात अलीकडे ‘तुमचा पिझ्झा तुम्हीच तयार करा’ अशा धर्तीची उपाहारगृहे चांगलीच रुळली आहेत. काचेच्या काउंटरपलीकडे कापलेल्या भाज्या, पनीर, चिकन, सॉस आणि चीज मांडलेले असते, ग्राहक एकेक जिन्नस बोटाने दाखवत पुढे सरकतो आणि काउंटरच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्याचा पिझ्झा ओव्हनमध्ये गेलेला असतो. धरमपेठ असो, सदर असो की वर्धा रोड, तरुण मंडळींच्या बोलण्यात आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतही या ठिकाणांची तुलना सतत चालू असते. मात्र ही तुलना बहुतेक वेळा एकाच मापाने होते : कोणाकडे किती प्रकारची टॉपिंग आहेत आणि त्यांतली किती घेऊ देतात. मी अनेक वर्षे गृहविज्ञान शिकवले आहे, माझ्या घरातली नातवंडे आणि शेजारपाजारची मुले या ठिकाणी नेहमी जातात आणि त्यांच्याबरोबर मीही जाते. या अनुभवावरून मला खात्रीने सांगावेसे वाटते की टॉपिंगची संख्या हे तुलनेचे सर्वांत कच्चे माप आहे. पिझ्झा चांगला होतो तो बेस, चीज आणि आच यांच्यामुळे, आणि ग्राहकाला चाट बसते ती भावाच्या पाटीमुळे. या गोष्टींविषयी पाटीवर जवळजवळ काहीच लिहिलेले नसते, म्हणून हे पत्र.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. ग्राहकाने काउंटरवरून पुढे सरकत आपले जेवण रचून घ्यायचे, ही रीत तिथे १९९३ साली डेन्व्हरमध्ये सुरू झालेल्या चिपोटले या मेक्सिकन पदार्थांच्या साखळीने लोकप्रिय केली आणि पुढे पिझ्झेवाल्यांनी ती उचलली. सिअॅटलमध्ये २००८ साली मॉड पिझ्झा, कॅलिफोर्नियात २०११ साली पायॉलॉजी आणि २०१२ साली आपले पहिले दुकान उघडणारी ब्लेझ पिझ्झा ही त्यांतली ठळक नावे. मॉडने आकारानुसार एकच किंमत ठरवली आणि त्या किमतीत हवी तितकी टॉपिंग घेण्याची मुभा दिली. ब्लेझने अकरा इंची पिझ्झा अतिशय तापलेल्या ओव्हनमध्ये सुमारे तीन मिनिटांत भाजून देण्यावर भर दिला. म्हणजे एकाने भाव सोपा केला आणि दुसऱ्याने वेळ वाचवला. आपल्याकडे या दोन्हींचे बाह्य रूप आले, काच आली, चिमटे आले, पण भावाचा सोपेपणा सगळीकडे आला नाही आणि आचेकडेही सगळ्यांनी सारखे लक्ष दिले नाही.

भावाचीच गोष्ट आधी घेते, कारण तक्रारी तिथूनच सुरू होतात. आपल्या शहरात मला भावाच्या साधारण तीन तऱ्हा दिसल्या. काही ठिकाणी आकारानुसार एक ठरावीक रक्कम घेतात आणि टॉपिंगला वेगळे पैसे लावत नाहीत. काही ठिकाणी ठरावीक रकमेत तीन किंवा चार टॉपिंग मिळतात आणि त्यापुढच्या प्रत्येकाला जास्तीचे पैसे पडतात. उरलेल्या ठिकाणी पाटीवरची मोठी रक्कम फक्त बेस, सॉस आणि थोड्याशा चीजची असते आणि त्यावर घातलेल्या प्रत्येक जिन्नसाचा वेगळा हिशेब होतो. ही तिसरी तऱ्हा मला मुळीच मान्य नाही. समजा, पाटीवर १९९ रुपये लिहिले आहेत. मुलाने मक्याचे दाणे आणि शिमला मिरची घेतली, प्रत्येकी २५ रुपये. पनीर घेतले, ४५ रुपये. काउंटरवरच्या मुलाने ‘एक्स्ट्रा चीज टाकू का?’ असे विचारले आणि मुलगा हो म्हणाला, ६० रुपये. झाले ३५४ रुपये, आणि त्यावर पाच टक्के जीएसटी धरून बिल ३७१ रुपये ७० पैशांचे. पाटीवरच्या आकड्याच्या हे जवळजवळ दुप्पट आहे. यांतली एकही रक्कम खोटी नाही, सगळे दर कुठे ना कुठे बारीक अक्षरांत लिहिलेलेही असतात, पण रांगेत मागे माणसे उभी असताना आणि समोरचा मुलगा चिमटा हातात धरून थांबलेला असताना कोणता ग्राहक ही बेरीज करील? पिझ्झा ओव्हनमध्ये गेल्यानंतर बिल हातात पडते, तेव्हा ‘नको’ म्हणण्याची सोय राहिलेली नसते. मोजके पैसे घेऊन आलेल्या महाविद्यालयीन मुलांचे चेहरे बिलाच्या खिडकीशी उतरलेले मी पाहिले आहेत आणि ते मला खटकते.

एकच किंमत घेणाऱ्यांचेही गणित ग्राहकाने समजून घ्यावे. मुभा कितीही दिली तरी बहुतेक लोक चार-पाच जिन्नसांपलीकडे जात नाहीत, आणि कांदा, शिमला मिरची, मका, टोमॅटो या गोष्टी दुकानदाराला फारशा महाग पडत नाहीत. त्याचा खरा खर्च चीज, मांसाहारी जिन्नस, जागेचे भाडे आणि माणसांचे पगार यांवर होतो. म्हणून ‘अमर्याद टॉपिंग’ ही पाटी वाटते तितकी उदार नसते. जिथे भाज्या अमर्याद असतात तिथे चीजच्या बाबतीत हात आखडता घेतला जातो, हेही मी पाहिले आहे. तरीसुद्धा या पद्धतीत एक मोठा प्रामाणिकपणा आहे. दारातून आत येतानाच माणसाला आपल्या खिशातून किती जाणार हे कळते. तुलना करताना मी या गोष्टीला सर्वांत जास्त गुण देईन.

सेवाशुल्काबद्दल दोन शब्द लिहिणे गरजेचे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत उपाहारगृहांनी सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये असे सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. जिथे ग्राहक स्वतः काउंटरवर उभा राहून पिझ्झा रचतो आणि स्वतःच तो टेबलापर्यंत नेतो, तिथे तर हे शुल्क लावायला मुळीच जागा नाही. कोणी लावले तर ते काढून टाकायला सांगावे, आणि ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आकाराच्या बाबतीत ग्राहकाची समजूत बहुधा चुकते, कारण इंच हे माप व्यासाचे असते आणि आपण खातो ते क्षेत्रफळ. सात इंची पिझ्झ्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेअडतीस चौरस इंच भरते आणि दहा इंचीचे सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर, म्हणजे दुपटीहून थोडे जास्त. त्यातही कडेचा साधारण एक इंच रिकामा राहतो. तो दोन्ही बाजूंनी वजा केला तर सात इंचीत टॉपिंगची जागा पाच इंच व्यासाची आणि दहा इंचीत आठ इंच व्यासाची उरते, आणि या दोन वर्तुळांचे प्रमाण जवळजवळ एकास अडीच पडते. म्हणून दोघांनी दोन लहान पिझ्झे घेण्यापेक्षा एक मोठा वाटून घेणे पुष्कळदा फायद्याचे ठरते, अर्थात दुकान अर्ध्या भागावर एक आणि अर्ध्या भागावर दुसरे असे टॉपिंग घालून देत असेल तर. काही ठिकाणी हे आनंदाने करून देतात, काही ठिकाणी स्पष्ट नकार मिळतो. आईवडिलांबरोबर आलेल्या दोन भावंडांसाठी ही सोय किती मोलाची आहे, हे पिझ्झ्याची तुलना करणाऱ्यांनी कधी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. टॉपिंगचा दर लहान आणि मोठ्या पिझ्झ्याला सारखाच आहे की वेगळा, हेही विचारून घ्यावे, कारण सारखा असेल तर लहान पिझ्झ्यावर मूठभर पनीरचे तितकेच पैसे मोजावे लागतात.

आता बेसकडे येते, आणि इथे मला जरा सविस्तर लिहायचे आहे. चांगला बेस म्हणजे मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आणि वेळ. यांतला वेळ हा घटक दुकानदाराला सर्वांत महाग पडतो. मळलेल्या पिठाचे गोळे करून ते चार अंश सेल्सिअसच्या आसपास थंड जागी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवले की यीस्टचे काम संथपणे चालते, पिठाला स्वाद येतो, ते ताणले तरी फाटत नाही आणि भाजल्यावर कडेला तपकिरी ठिपके धरते. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत भटारखान्यात उघड्यावर राहिलेला गोळा तास-दोन तासांत गरजेपेक्षा जास्त आंबतो, त्याला आंबूस दर्प येतो, तो हातात घेतला की ढिला पडतो, आणि पिठातली साखर यीस्टने आधीच खाऊन टाकलेली असल्यामुळे भाजल्यावरही फिकटच राहतो. म्हणून नागपुरातल्या पिझ्झ्याच्या दुकानाची परीक्षा उन्हाळ्यात करावी. डिसेंबरात ज्यांचा बेस उत्तम लागतो त्यांतल्या कित्येकांचा एप्रिल-मेमध्ये बिघडतो, आणि ज्यांनी पिठासाठी वेगळा फ्रीज ठेवला आहे त्यांचा वर्षभर सारखा राहतो.

काउंटरवर उभे राहून थोडे निरखून पाहिले तरी पुष्कळ कळते. एका ठिकाणी मुलगी झाकलेल्या ट्रेमधून गोळा काढते, तो रव्यावर टेकवते, बोटांच्या पेरांनी मधोमध दाबत कडेची हवा कडेलाच राहू देते आणि मग दोन्ही मुठींवर घेऊन हलकेच फिरवते. अर्ध्या मिनिटात बेस तयार होतो आणि त्याची कड एकसारखी नसते. दुसऱ्या ठिकाणी गोळा तापलेल्या यंत्राखाली ठेवून दाबतात. यात वेग आहे आणि आकारही सारखा येतो, पण कडेची हवा निघून जाते आणि पिझ्झ्याची कड सपाट, बिस्किटासारखी होते. तिसऱ्या ठिकाणी प्लॅस्टिकच्या पाकिटातून अर्धवट भाजलेला तयार बेस काढतात, जो बाजारात कोणालाही विकत मिळतो. तयार बेस वापरणे हा गुन्हा नाही, घरी आपणही वापरतो, पण मग ‘ताज्या पिठाचा’ अशी पाटी लावू नये आणि ताज्या पिठाची किंमतही घेऊ नये. पिझ्झा हातात आल्यावर त्याचा एक तुकडा उचलून खालची बाजू पाहावी. तयार बेसच्या तळाला बहुधा सारख्या अंतरावर टोचलेली भोके आणि एकसारखा फिकट रंग दिसतो, तर तापलेल्या दगडावर भाजलेल्या ताज्या पिठाच्या तळाला लहान-मोठे गडद ठिपके असतात. हाताने ताणणाऱ्या दुकानात मी थोडे जास्त पैसे आनंदाने देईन. गव्हाच्या पिठाचा किंवा ‘मल्टिग्रेन’ बेस देणाऱ्यांनी त्यात मैदा किती हेही सांगावे, कारण रंग तपकिरी दिसला म्हणजे बेस कणकेचा असतो असे नाही.

ओव्हनचा आणि टॉपिंगच्या संख्येचा थेट संबंध आहे, आणि ‘जितके जास्त तितके चांगले’ ही समजूत इथेच कोसळते. टोमॅटो, मशरूम, शिमला मिरची आणि कांदा यांच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. नेपल्सच्या पारंपरिक पद्धतीत चारशे अंशांहून अधिक तापलेल्या लाकडाच्या भट्टीत पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत भाजतात, आणि तिथले जाणकार त्यावर दोन-तीन जिन्नसांपेक्षा जास्त घालत नाहीत, यामागे हेच कारण आहे. नेपल्सच्या या कलेला युनेस्कोने २०१७ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडच्या दुकानांत बहुधा सरकत्या पट्ट्याचा ओव्हन असतो, त्याची आच बरीच कमी असते आणि पिझ्झा पाच-सात मिनिटे आत राहतो. त्यावर नऊ-दहा प्रकारच्या कच्च्या भाज्या रचल्या तर सुटलेल्या पाण्याची वाफ व्हायला ना पुरेशी आच मिळते ना पुरेसा वेळ, ते पाणी सॉसमध्ये मिसळते, मधला भाग ओला राहतो आणि तुकडा उचलला की टोक खाली लोंबते. मुले म्हणतात, ‘आजी, बेस कच्चा आहे.’ बेस पुष्कळदा शिजलेला असतो, त्यावरचे पाणी आटलेले नसते. जे दुकानदार मशरूम आणि कांदा आधी परतून ठेवतात, टोमॅटोच्या बिया काढून फोडी करतात आणि ग्राहकाला ‘ताई, एवढे घातले तर ओला होईल, दोन कमी करा’ असे आपणहून सांगतात, त्यांना मी पहिल्या पंक्तीत बसवीन. असे सांगणारा मुलगा मला एका लहानशा दुकानात भेटला, आणि त्याच्या शब्दाखातर घेतलेला कांदा, हिरवी मिरची आणि पनीर एवढ्याच जिन्नसांचा पिझ्झा मी या शहरात खाल्लेल्या पिझ्झ्यांत उत्तम होता.

आपल्या मातीतली टॉपिंग ठेवण्याचा प्रयत्न काही दुकाने करतात, त्याचे मला कौतुक आहे. सावजी चिकन हे त्यांतले सर्वांत मागणी असलेले. मात्र सावजी रश्श्याची खरी गंमत त्याच्या तर्रीत आहे आणि तर्री म्हणजे तेल, जे चीजच्या तेलात मिसळले की बेस तुपकट होतो. ज्यांनी सावजी मसाल्यात चिकन कोरडे परतून ठेवले त्यांना हे चांगले जमले आहे, आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा सॉसमध्ये चमचाभर मिसळणाऱ्यांनाही.

चीजचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. पिझ्झ्यावर घालण्याचे मोझरेला दुधापासून बनते. त्याच्यासारखाच दिसणारा, वितळणारा आणि ताणला जाणारा, पण दुधातल्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेला पदार्थ बाजारात खूपच स्वस्त मिळतो आणि व्यवसायात त्याला अॅनालॉग म्हणतात. तो वापरण्यावर बंदी नाही, पण त्याला चीज म्हणून विकता येत नाही. कारखान्यातून येणाऱ्या पाकिटावर तसे लिहिलेले असते, परंतु ते पाकीट भटारखान्यातच फाडले जाते आणि काउंटरवर फक्त पांढऱ्या किसाने भरलेले भांडे येते. २०२३ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एका मोठ्या परदेशी साखळीच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील दुकानावर याच कारणाने कारवाई केली, तेव्हा त्या साखळीला राज्यातल्या आपल्या अनेक पदार्थांच्या नावांतून ‘चीज’ हा शब्द काढावा लागला. एवढ्या मोठ्या साखळीच्या बाबतीत हे घडते, तर गल्लीतल्या काउंटरवर काय घालतात हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहेच. केवळ चवीवरून किंवा ताणावरून खात्रीने ओळखता येते असे जे सांगतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवणार नाही, कारण दोन्हींचे मिश्रण केले की ओळखणे आणखी अवघड होते. मी काही ठिकाणी चीजचे पाकीट दाखवायला सांगितले. एका मालकाने तत्परतेने आतून पाकीट आणून त्यावरचे घटक वाचून दाखवले. दुसरीकडे मला ‘मॅडम, कंपनीचे आहे’ एवढेच उत्तर मिळाले आणि कोणत्या कंपनीचे याविषयी ताकास तूर लागू दिली नाही. या दोन उत्तरांतच माझी तुलना पुरी झाली. ‘एक्स्ट्रा चीज’चे साठ रुपये घेणाऱ्याने तर ते किती ग्रॅम आहे हेही लिहावे. काही दुकानांत मापाचा कप वापरतात, काही ठिकाणी मुठीने टाकतात, आणि मूठ माणसागणिक, गर्दीगणिक बदलते.

शाकाहारी कुटुंबांसाठी, विशेषतः इतवारी-महाल भागातल्या जैन कुटुंबांसाठी, या पद्धतीत एक वेगळीच अडचण आहे, जी ठरावीक मेनूच्या उपाहारगृहात इतकी जाणवत नाही. इथे सगळे जिन्नस एकाच काउंटरवर शेजारी शेजारी असतात. चिकनच्या भांड्यातला चिमटा पनीरच्या भांड्यात जातो, हातमोजे न बदलता तोच हात पुढच्या पिझ्झ्याला लागतो, आणि सगळे काळजीपूर्वक झाले तरी शेवटी पिझ्झा कापण्याचे चाक एकच असते. एका दुकानात मी पाहिले की आधीच्या पिझ्झ्यावरच्या चिकनचे तंतू चाकाला चिकटलेले होते आणि त्याच चाकाने मागच्या बाईंचा शाकाहारी पिझ्झा कापला गेला. बाईंचे लक्ष नव्हते, मी सांगितले तेव्हा मुलाने मुकाट्याने दुसरा पिझ्झा करून दिला. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला दुसरे चाक दिलेलेच नव्हते. हिरव्या मुठीचे चाक आणि हिरवे चिमटे वेगळे ठेवायला असा कितीसा खर्च येतो? कांदा-लसूण नसलेला सॉस वेगळ्या भांड्यात ठेवणारी दुकाने आहेत आणि चातुर्मासात तिथे कुटुंबेच्या कुटुंबे येतात, हे इतर मालकांनी पाहायला हवे.

उघड्या भांड्यांतल्या जिन्नसांच्या तापमानाकडेही लक्ष द्यावे. थंड ठेवायचे अन्न पाच अंश किंवा त्याखाली आणि गरम ठेवायचे अन्न साठ अंश किंवा त्यावर, हा अन्न सुरक्षेचा साधा दंडक आहे. उकडलेला मका, पनीर आणि शिजवलेले चिकन हे पदार्थ लवकर बिघडतात. ज्या काउंटरची भांडी खालून थंड केलेली असतात, भरलेली वेळ लिहिलेली असते आणि गर्दी नसताना झाकली जातात, तिथे निर्धास्तपणे खावे. भांडी नुसती मांडून ठेवलेली असतील आणि पनीरच्या कडा पिवळट, कोरड्या दिसत असतील तर उन्हाळ्यात तिथे जाऊ नये.

उष्मांकांच्या बाबतीत कायद्यातच एक फट राहिली आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक दुकाने असलेल्या उपाहारगृहांनी मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे त्याचे उष्मांक लिहायचे आहेत, आणि ही तरतूद जुलै २०२२ पासून लागू झाली. मात्र ग्राहकाच्या मागणीनुसार बदलून तयार केलेल्या पदार्थांना त्यातून सूट आहे. ज्या दुकानात प्रत्येकच पिझ्झा ग्राहकाच्या मागणीनुसार तयार होतो तिथे या सुटीचा अर्थ काय होतो, हे उघड आहे. लहान एकल दुकानांना तर हा नियम लागूच नाही. तरीही मनात असेल तर हे काम अवघड नाही. शंभर ग्रॅम मैद्यात साधारण साडेतीनशे आणि शंभर ग्रॅम मोझरेलात सुमारे तीनशे उष्मांक असतात, म्हणजे एकशे तीस ग्रॅम मैद्याचा बेस आणि ऐंशी ग्रॅम चीज मिळूनच सातशेच्या जवळ जातात, भाज्यांचे त्यावर फारसे वाढत नाहीत. बेस, चीज, मांसाहारी जिन्नस आणि सॉस यांचे आकडे सुटे सुटे लिहिले तरी ग्राहक स्वतः बेरीज करील. रक्तदाबाचा त्रास असलेल्या माझ्या वयाच्या माणसांना मिठाची माहितीही तितकीच हवी असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते, आणि ऑलिव्ह, हॅलपिनो, प्रक्रिया केलेले मांस व तयार सॉस हे सगळे मिठातच मुरलेले असतात.

संपादक महोदय, माझी विनंती तीन ठिकाणी आहे. उपाहारगृहांच्या मालकांनी काउंटरच्या सुरुवातीला, जिथे ग्राहक रांगेत उभा राहतो तिथे, एक पाटी मराठीत लावावी आणि तिच्यावर सर्व करांसह नेहमीच्या चार टॉपिंगच्या पिझ्झ्याची अंतिम किंमत, बेस दुकानात मळलेला की तयार, चीजचे नाव आणि ग्रॅममध्ये माप एवढे लिहावे. अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयाने सणासुदीला मिठाई आणि खव्याचे नमुने घेतले जातात तसे या काउंटरवरच्या चीजचेही नमुने घ्यावेत आणि निष्कर्ष लोकांपुढे ठेवावेत. आणि आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी शहरातल्या पिझ्झ्याच्या ठिकाणांची तुलना छापताना आपल्या प्रतिनिधींनी सगळीकडे एकच पिझ्झा मागवावा, त्याच आकाराचा, त्याच तीन टॉपिंगचा, जमल्यास मे महिन्यातल्या दुपारी, आणि बिलाची रक्कम, तळाचा रंग व चीजच्या पाकिटावरचे नाव यांची नोंद वाचकांना द्यावी.

कळावे,

आपली एक नियमित वाचक,
लक्ष्मीनगर, नागपूर